पुण्याहून शनिवार-रविवारची सहल: गाडी ठरवण्याआधी वाचायचे माहितीपत्रक

सहलीसाठी फोन येतो तेव्हा आधी ठिकाण सांगितले जाते, मग तारीख, आणि निघायची वेळ सगळ्यात शेवटी. बरोबर लहान मुले किंवा आजी-आजोबा असतील तर हा क्रम उलटा करा, अशी आमची विनंती आहे. पहाटे साडेपाचला निघालात तर वाई सव्वादोन-अडीच तासांत येते. आठला निघालात तर तेवढा वेळ कधी कधी खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडेपर्यंतच संपत येतो. समुद्राकडे जायचे असेल तर घड्याळाबरोबर तिथीही बघावी लागते. ते गणित पुढे दिले आहे.

या पत्रकात तीन दिशा घेतल्या आहेत: वाई-पाचगणी, ताम्हिणीतून दिवेआगर-हरिहरेश्वर आणि जुन्नर.

गाडी आणि बसायच्या जागा

सात आसनी गाडीत चालक सोडून सहा जण बसतात. पण मागची रांग उघडली की डिकीत जेमतेम दोन लहान बॅगा मावतात, आणि सीएनजीची टाकी असेल तर तेवढ्याही नाहीत. सहा माणसे आणि दोन दिवसांचे सामान असेल तर कॅरियरची गाडी मागा. पावसाळ्यात ताडपत्री आम्ही देतो, तरी कपडे आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून मग बॅगेत ठेवा. सात किंवा त्याहून जास्त माणसे असतील तर टेम्पो ट्रॅव्हलर घ्या. दाटीवाटीने बसलेल्या मुलांना घाटात हमखास त्रास होतो.

ट्रॅव्हलरची शेवटची रांग मागच्या चाकांच्याही मागे येते, त्यामुळे खड्ड्यात आणि वळणावर तिथेच सगळ्यात जास्त हिसके बसतात. कंबरदुखी असलेल्यांना, गरोदर बाईंना आणि गाडी लागणाऱ्या मुलांना पुढच्या दोन रांगांत बसवा.

गाडी लागते ती कान आणि डोळे वेगवेगळे सांगतात म्हणून. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला वळण जाणवते, पण डोळे मोबाइलवर असले तर ते 'आपण स्थिर आहोत' असे सांगतात. म्हणून घाट लागायच्या आधी मोबाइल काढून घ्या आणि मुलांना समोरच्या काचेतून रस्ता बघू द्या. निघताना पेलाभर दूध पाजू नका, पोट रिकामेही ठेवू नका. कोरडी पोळी, खाकरा किंवा राजगिऱ्याचा लाडू चालतो. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती घाटाच्या पायथ्याशी देऊन उपयोग नाही. अर्धा ते एक तास आधी द्यावी लागते. वाईच्या वाटेवर पसरणीचा घाट कधी येणार आणि दिवेआगरच्या वाटेवर ताम्हिणी कधी लागणार हे चालकाला विचारा, तो वेळेवर आठवण करून देईल.

चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट असलीच पाहिजे, असा कायदा आहे. मोडला तर १,००० रुपये दंड आहे. बाळाला मांडीवर घेऊन चालकाशेजारी बसायला आमचे चालक नकार देतील. धक्का बसल्यावर एअरबॅग ज्या जोराने उघडते त्यात मांडीवरच्या बाळाला गंभीर इजा होऊ शकते. चाइल्ड सीट तुमची असेल तर आदल्या दिवशी कळवा, म्हणजे ती घट्ट बसेल अशी गाडी पाठवता येते.

वाई, मेणवली, पाचगणी

ज्यांच्या घरात तीन पिढ्या आहेत त्यांना आम्ही पहिल्यांदा हीच सहल सुचवतो. अंतर ९० किलोमीटरच्या आसपास, घाट थोडा, आणि म्हाताऱ्या माणसांना फार चालावे लागत नाही.

जाताना खंबाटकीचा घाट चढावा लागतो, येताना बोगदा मिळतो. चढावर मालाने भरलेले ट्रक पुढे असले की सगळी रांग त्यांच्या वेगाने सरकते. पहाटे निघायचे ते मुख्यतः यासाठी. घाट उतरल्यावर सुरूर फाट्याला महामार्ग सोडून वाईकडे वळायचे. नाश्ता घाटाच्या अलीकडेच उरका. उतरल्यावर वाई इतकी जवळ येते की मध्ये थांबणे नको वाटते, आणि मग मुले देवळात भुकेने रडतात.

ढोल्या गणपतीचे देऊळ पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी १७६२ मध्ये कृष्णेच्या काठी बांधले. दर्शन झाल्यावर मुलांना देवळाच्या मागे नक्की न्या. मागची भिंत माशासारखी निमुळती केली आहे. नदीला पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगून दोन्ही बाजूंनी जावे म्हणून ही रचना आहे. मुलांना हे पटकन समजते. घाटाच्या पायऱ्या मात्र शेवाळाने निसरड्या असतात, लहानांचा हात सोडू नका.

तिथून मेणवली तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा कृष्णेचा घाट बघायला दीड तास ठेवा. घाटावरच्या छोट्या देवळात जी मोठी घंटा टांगली आहे ती पोर्तुगिजांची. १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांनी ज्या घंटा आणल्या त्यांतली ही एक. वाड्यात किंवा घाटावर चित्रीकरण चालू असले तर आत सोडत नाहीत. तसे झाल्यास पुढे धोमला जा. तिथल्या महादेवाच्या देवळासमोर कमळाच्या आकाराचे कुंड आहे आणि त्यात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी. गर्दी कमी असते आणि सावलीही असते.

दुपारचे जेवण वाईत घेऊन पसरणीचा घाट चढा. पाचगणीच्या टेबललँडवर दुपारी अडीच-तीनला ऊन चटका देते आणि सावली कुठेच नाही, म्हणून साडेचारनंतर जा. घोड्यावर बसवण्याआधी भाडे आणि फेरी कुठून कुठपर्यंत हे दोन्ही ठरवून घ्या, आणि मालक लगाम धरून बरोबर चालेल याची खात्री करा. कड्याच्या बाजूला मुलांना पळू देऊ नका.

स्ट्रॉबेरीसाठी डिसेंबर ते मार्च हे दिवस चांगले. हे फळ तोडल्यावर पुढे पिकत नाही, त्यामुळे देठाजवळ पांढरे असलेले घरी ठेवून लाल होईल या आशेने घेऊ नका. देठापर्यंत लाल असलेलेच घ्या. खरेदी परतीच्या दिवशी करा, खोके डिकीत न ठेवता पायाशी सपाट ठेवा, आणि खायच्या वेळीच धुवा. आधी धुतले तर दुसऱ्या दिवशी बुरशी धरते.

रविवारी पाचगणीहून दुपारी दोनच्या आत खाली उतरायला लागा. चारनंतर पसरणीचा घाट, खेड शिवापूर आणि नवले पूल या तिन्ही ठिकाणी एकच गर्दी अडकते. नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा लांब उतार अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर उतरणारी गाडी सारखी ब्रेकवर राहते, ब्रेक तापतात आणि मग लागत नाहीत. आमचे चालक तिथे खालच्या गिअरमध्ये सावकाश उतरतात. कृपया घाई करायला सांगू नका.

दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर

पुण्याहून दिवेआगर सुमारे १६० किलोमीटर. पौड, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, म्हसळा असा रस्ता. थांबे धरून पाच तास लागतात. इंधन पिरंगुट-पौडलाच भरून घेतो. मुळशी सोडल्यावर माणगावपर्यंत स्वच्छतागृहाची खात्रीची सोय नाही, म्हणून मुळशीच्या हॉटेलातला चहाचा थांबा टाळू नका. घाटात मोबाइलला रेंज नसते. राहायच्या घराचा पत्ता आणि फोन कागदावर लिहून चालकाला द्या.

आता तिथीचे गणित. किनाऱ्यावरची माणसे पिढ्यान् पिढ्या हेच वापरतात. कॅलेंडरात त्या दिवशीची तिथी बघा, प्रतिपदा १ पासून पौर्णिमा किंवा अमावास्या १५ पर्यंत. तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची वेळ, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. त्यात सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. तृतीयेला पाऊणपट सव्वादोन, म्हणजे भरती दुपारी आणि पहाटे सव्वादोनच्या सुमारास, ओहोटी सकाळी साडेआठला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी दुपारी सव्वाबाराला. एकादशीला ओहोटी दुपारी अडीचच्या पुढेमागे. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून पोचल्यावर घरमालकांना विचारून खात्री करा. दुसऱ्या दिवशी सगळ्याच वेळा सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात.

याचा उपयोग असा. पाणी उतरत असताना मुलांना समुद्रात नेऊ नका, ओढ बाहेरच्या बाजूला असते. पूर्ण ओहोटी होऊन पाणी चढू लागले की पुढचे दोन-अडीच तास त्यातल्या त्यात बरे, तेही गुडघाभर पाण्यात आणि मोठे माणूस मुलाच्या समुद्राकडच्या बाजूला उभे राहून. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही, ओढही कमी. सहा-सात वर्षांची मुले असतील तर असा शनिवार निवडा. ओहोटी दुपारी होते आणि त्यानंतरचे दोन-अडीच तास मुलांना मिळतात. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात लाटा बघायला छान, पण लहानांनी पाण्यात जायचे ते दिवस नव्हेत.

हरिहरेश्वराची प्रदक्षिणा करायची असेल तर मात्र उलट निवड करा. ती वाट डोंगराच्या घळीतून पायऱ्यांनी खाली उतरते आणि थेट समुद्रालगतच्या खडकांवरून जाते. भरतीला ती पाण्याखाली असते आणि तिथे लाटेने माणसे ओढली गेली आहेत. तृतीया ते पंचमी या दिवसांत ओहोटी सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान येते आणि पाणी बरेच आत जाते. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी खाली उतरा, फोटोसाठी रेंगाळू नका, आणि ओली जागा दिसली की तिच्या डोंगराकडच्या बाजूने चाला. देवळापाशी 'आज जाऊ नका' असे सांगितले तर ऐका. पावसाळ्यात ही वाट धरूच नका.

गाडी वाळूत उतरवली जाणार नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. वरून घट्ट दिसणारी वाळू आतून ओली असते. चाक फिरेल तसे रुतत जाते, तोवर भरती लागते आणि खारे पाणी इंजिन व वायरिंगमध्ये शिरते.

जेवणाचे असे आहे की घरगुती खानावळीत सकाळी दहापर्यंत माणसे सांगावी लागतात, उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी. ऐनवेळी गेलात तर तासभर बसाल. मुलांसाठी कमी तिखट हवे असेल तर तेही तेव्हाच सांगा. रोख पैसे ठेवा, यूपीआय रेंजवर अवलंबून आहे.

रविवारी माणगावात महामार्गाची आणि आपली वाहतूक एकत्र येते. दुपारचे जेवण बारा वाजता उरकून निघालात तर उजेडात ताम्हिणी पार होते.

जुन्नर, एका दिवसात

अंतर ९५ किलोमीटरच्या आसपास. चाकण सकाळी साडेसहाच्या आत ओलांडले तर सहल सुखाची होते. आधी शिवनेरी, कारण चढ उन्हात नको. मग ओझर आणि जेवण. लेण्याद्रीला सुमारे तीनशे पायऱ्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर डोलीची चौकशी पायथ्याशीच करा, निम्म्या पायऱ्यांवर नाही. कड्यांवर आग्या मोहोळे असतात. त्या दिवशी उग्र अत्तर नको, धूर नको, आणि मुलांना दगड भिरकावू देऊ नका.

पावसाळा

जुलै-ऑगस्टमध्ये ताम्हिणीत दरडी पडतात आणि धुक्यात दहा फुटांपुढचे दिसत नाही. प्रशासनाने बंदी घातली तर सहल रद्द करून पूर्ण आगाऊ रक्कम परत देतो किंवा तारीख बदलून देतो. बंदी नसली तरी धबधब्याच्या वळणावर गाडी थांबवत नाही. वर पडलेल्या पावसाचे पाणी खाली काही मिनिटांत वाढते. या दिवसांत वाई चांगली.

बिल कसे होते

दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतो आणि दिवस रात्री बाराला बदलतो. शुक्रवारी रात्री दहाला निघालात तर शुक्रवार हा वेगळा दिवस लागतो. पहाटे चारला निघणे तुम्हाला स्वस्त पडते. किलोमीटर आमच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत. टोल, पार्किंग, चालकाचा भत्ता वेगळा. दिवेआगरची दोन दिवसांची सहल हरिहरेश्वर धरून ४०० किलोमीटरच्या आसपास होते आणि बिल ६०० चेच होते. त्यामुळे पैसे वाचवायला श्रीवर्धन गाळू नका, त्याने बिलात एक रुपयाही कमी होत नाही.

चालकाची झोप सहा तासांची झाली पाहिजे. त्याच्या राहण्याची सोय तुमच्या मुक्कामी आहे का हे आधी विचारून ठेवा. नसेल तर आम्ही लावतो.

गाडीत प्रथमोपचाराची पेटी असते. ओआरएस तुम्ही आणा आणि पुडीवरचे वाचा: मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, छोटी २०० मिलिलिटरसाठी. मोठी पुडी ग्लासभर पाण्यात कालवून मुलाला दिली तर जुलाब वाढतात. अडचणीत रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२.

गाडी ठरवताना एवढे सांगा: किती माणसे, मुलांची वये, कोणाला गाडी लागते, कोणाला पायऱ्या चढवत नाहीत, बॅगा किती, आणि समुद्राकडे जायचे असल्यास त्या शनिवारची तिथी.