निवासी पुस्तकबांधणी अभ्यासक्रमाचा अर्ज: नेमका कुठे अडतो

गेली काही वर्षं मी ओळखीपाळखीच्यांचे हस्तकला-शाळांचे अर्ज पाठवण्याआधी वाचून देते. नकार आला की प्रत्येकाचं पहिलं वाक्य ठरलेलं: "माझं कामच कमी पडलं असणार." बहुतेकदा काम ठीक असतं. संदर्भपत्र वेळेत पोचलेलं नसतं, तारीख उलटी वाचलेली असते, नाहीतर शिष्यवृत्तीचा अर्ज आणि साधी नोंदणी यांची गल्लत झालेली असते. म्हणून हे लिहितेय. फॉर्म कसा उघडायचा, पासवर्ड कसा घ्यायचा हे इथे नाही. ते तुम्हाला येतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. गावाबाहेर, डोंगरात किंवा समुद्रकाठी असलेल्या हस्तकला-शाळांमधले पुस्तकबांधणीचे वर्ग म्हणजे पदवी नव्हे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरातली पेनलँड ही शाळा लूसी मॉर्गन यांनी १९२९ मध्ये सुरू केली. तिथल्या कार्यशाळा एक, दोन किंवा आठ आठवड्यांच्या असतात. मेन राज्यातली हेस्टॅक १९५० ची. तिला एका डोंगराचं नाव आहे आणि १९६१ पासून ती आहे डियर आइल बेटावर, समुद्रासमोर. इंग्लंडात ससेक्समध्ये वेस्ट डीन आहे. याउलट बॉस्टनच्या नॉर्थ बेनेट स्ट्रीट स्कूलमधला बाइंडिंगचा अभ्यासक्रम शहरातला, दोन वर्षांचा, पूर्णवेळ. तो व्यवसाय शिकवण्यासाठी आहे. दोन आठवड्यांच्या कार्यशाळेच्या अर्जात "मला यातच करिअर करून प्रमाणपत्र मिळवायचं आहे" असं लिहिलं, की वाचणाऱ्याला वाटतं हा माणूस चुकीच्या दारात उभा आहे.

पात्रतेत फारसं काही नसतं. वय सहसा १८ पूर्ण, पदवीची अट नाही. अडखळायला होतं ते पातळीच्या ओळीवर. "सर्व पातळ्यांसाठी" याचा अर्थ नवख्यालाही घेऊ एवढाच. वर्ग तुमच्यासाठी थांबेल असा नाही. आणि "मध्यम पातळी" म्हणजे शिक्षक येतील तेव्हा तुम्हाला जुजबंदी (घडी केलेल्या पानांचे गठ्ठे, म्हणजे जुज, एकत्र शिवणं) येत असेल, सुई कुठून कुठे जाते हे कुणी दाखवणार नाही. विनय म्हणून येत असलेलं लपवू नका आणि हौसेने नसलेलं वाढवू नका. पहिल्याच सकाळी टोच्या हातात आला की सगळं उघड होतं.

दोन दारं आहेत, तारखाही दोन

एक दार पैसे भरून नोंदणीचं. तिथे कामाचे फोटो बहुधा लागत नाहीत. जागा आधी येणाऱ्याला किंवा सोडत काढून मिळते. दुसरं दार शिष्यवृत्तीचं. तिथे निवड समिती असते, फोटो, निवेदन, संदर्भपत्रं सगळं लागतं, आणि त्याची मुदत साध्या नोंदणीच्या कितीतरी आधी संपते. लोक वर्गाच्या पानावरची "नोंदणी सुरू" ही ओळ वाचून निवांत बसतात आणि शिष्यवृत्तीची तारीख हिवाळ्यातच निघून गेलेली असते. उन्हाळ्यातल्या वर्गासाठी शिष्यवृत्तीची पानं आदल्या हिवाळ्यातच उघडून ठेवा.

आता तारीख. अमेरिकी शाळा ०३/०४ लिहिते तेव्हा ती ४ मार्च असते. आपण ती ३ एप्रिल वाचतो. हसू नका, यात चांगली शिकलेली माणसं गेलीत. महिना अक्षरांत लिहिलेला दिसेपर्यंत कुठल्याही तारखेवर विश्वास ठेवू नका. दिसला नाही तर एका ओळीची ईमेल टाकून विचारा. "रात्री ११:५९" ही वेळ शाळेच्या घड्याळाची, तुमच्या नव्हे. त्यात अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे सरकतात, त्यामुळे मार्चमधल्या मुदतीचा हिशोब फेब्रुवारीत केला असेल तर तो परत करा. कागद टपालाने पाठवायचे असतील तर "पोचलेले" म्हटलंय की "शिक्का पडलेला" म्हटलंय, हेही बघा. दोन्हींत आठवड्या-दोन आठवड्यांचा फरक पडतो.

जे पत्र कुणाकडेच नसतं

संदर्भपत्र. सगळ्यात जास्त अर्ज इथे मरतात.

पुस्तकबांधणी हल्ली बहुतेक जण व्हिडिओ बघून, घरच्या टेबलावर शिकतात. मग "तुमचं हस्तकाम जवळून पाहिलेल्या दोन व्यक्ती" आणायच्या कुठून? घाबरून लोक कॉलेजच्या प्राचार्यांचं, ऑफिसातल्या साहेबांचं, नाहीतर कुणा प्रतिष्ठित माणसाचं पत्र जोडतात. लेटरहेड झकास, शिक्का गोल, आणि आत "उमेदवार होतकरू व सुस्वभावी आहे". अशा पत्राचा उपयोग शून्य. समितीत बांधणी जाणणारी माणसं असतात. त्यांना एकच कळून घ्यायचं असतं: काम बिघडल्यावर हा माणूस काय करतो?

ते सांगू शकणारी माणसं तुमच्या आसपास असतात, फक्त ती तुम्हाला "संदर्भ" वाटत नाहीत. ज्या बाइंडरच्या दुकानात तुम्ही सुटीच्या दिवशी जाऊन बसलात, तो. ज्या ग्रंथपालांची फाटकी पुस्तकं तुम्ही शिवून दिलीत, त्या. छापखान्यातला कटिंग बघणारा. ज्यांनी तुमच्याकडून अल्बम करून घेतला आणि पाठ वाकडी आली म्हणून परत पाठवला, तेसुद्धा चालतील, दुसऱ्यांदा नीट करून दिला असेल तर.

मी वाचलेलं सगळ्यात चांगलं संदर्भपत्र सहा ओळींचं होतं. एका म्हाताऱ्या बाइंडरने तोंडी सांगितलेलं, त्यांच्या नातीने लिहून घेतलेलं. त्यातली एक ओळ अशी: "हा न सांगता खळ गाळून घेतो." ज्याने कधी गुठळी राहिलेली खळ कापडाखाली लावलीय आणि वाळल्यावर वर आलेला फोड बोटाने चाचपलाय, त्याला या ओळीनंतर पुढचं वाचायची गरजच नाही. मुलाची निवड झाली.

पण ते पत्र पोचवताना आमच्या नाकी नऊ आले. बऱ्याच ठिकाणी पत्र तुम्हाला चढवता येत नाही. तुम्ही शिफारस करणाऱ्याचा ईमेल पत्ता द्यायचा, त्याला यंत्राकडून लिंक जाते, आणि ती त्याने स्वतः उघडायची. म्हणजे ज्याने आयुष्य बांधणीत घालवलं त्याचा ईमेल नसेल तर त्याच्या मताला किंमत नाही! हा नियम करणाऱ्याने हस्तकलेतली माणसं कधी पाहिलीत की नाही कोण जाणे. मुदतीच्या निदान महिनाभर आधी कार्यालयाला लिहा: शिफारस करणाऱ्या व्यक्तीला ईमेल नाही, सही केलेल्या मराठी पत्राची स्कॅन प्रत आणि भाषांतर चालेल का? भाषांतर तुम्ही स्वतः करू नका. दुसऱ्याकडून करून घेऊन त्याचं नाव आणि सही खाली घाला. "चालेल" असं उत्तर आलं की ते जपून ठेवा. तुम्हाला उत्तर देणारी व्यक्ती आणि शेवटी अर्ज तपासणारी व्यक्ती एकच असेलच असं नाही.

ज्यांच्याकडे ईमेल आहे त्यांनाही फोन करून सांगा की लिंक स्पॅममध्ये पडते. पडतेच. मग तुमच्या फॉर्मवर "अपूर्ण" एवढाच शब्द दिसत राहतो, आणि तो कुणामुळे दिसतोय हे यंत्र सांगत नाही.

फोटो आणि निवेदन

फोटोत लोक मुखपृष्ठ दाखवतात. संगमरवरासारख्या नक्षीचा कागद, फुलं, शेजारी कॉफीचा मग. समितीला बघायची असते पाठ. बंद पुस्तक उभं ठेवून एक, पाठीवरची शिवण जवळून एक, मधोमध सपाट उघडलेलं एक, आणि आतला कोपरा, जिथे कापड दुमडून अस्तराखाली, म्हणजे पुठ्ठ्याला आतून चिकटवलेल्या कागदाखाली, गेलंय. खिडकीचा बाजूने येणारा उजेड, राखाडी किंवा पांढरी पार्श्वभूमी, बस. फोन कधीकधी फोटो वेगळ्याच प्रकारच्या फाइलमध्ये साठवतो आणि फॉर्म ती गुपचूप नाकारतो; जेपीजी करून, अर्ज पाठवण्याआधी प्रत्येक फोटो परत उघडून बघा. नावं झाकून निवड होत असेल तर फोटोवर सही-शिक्का नको.

निवेदनाची सुरुवात "लहानपणापासून मला पुस्तकांची आवड" अशी असेल तर ती ओळ खोडा. तिथे प्रत्येकाला पुस्तकांची आवड आहे, म्हणून तर ते तिथे आहेत. एका मुलीच्या पहिल्या मसुद्यात असं पानभर होतं. मी विचारलं, तुझं शेवटचं बिघडलेलं काम कुठलं? ती जे बोलली तेच लिहायला लावलं: "सहा जुजांची वही शिवली. अस्तराचा कागद ग्रेन (कागदातल्या तंतूंची दिशा) न पाहता कापला होता. खळ लावल्यावर तो फुगला, वाळताना आकसला आणि त्याने पुठ्ठा आत ओढला. दुसऱ्या वहीत ग्रेन पाठीला समांतर ठेवला, वजनाखाली रात्रभर ठेवली, तरी एक कोपरा उचलला गेला. तो का, हे मला अजून कळलेलं नाही." शेवटचं वाक्य ती काढून टाकत होती. मी काढू दिलं नाही. शिकायला जाणाऱ्याच्या अर्जात न कळलेली एक गोष्ट असायलाच हवी.

व्हिसा: इथे शाळा मदत करेल असं धरून चालू नका

परदेशातली शाळा असेल तर हा भाग निवडीनंतर सुरू होतो, पण विचार आधी करावा लागतो. अमेरिकेच्या बी-२ अभ्यागत व्हिसावर छोटा, हौसेचा, पदवीसाठी क्रेडिट न देणारा अभ्यासक्रम करता येतो. ब्रिटनच्या अभ्यागत व्हिसावर असा हौसेचा वर्ग ३० दिवसांपर्यंत चालतो. मेख दोन ठिकाणी आहे. काही कार्यशाळा एखाद्या विद्यापीठामार्फत क्रेडिट देऊ करतात. "फुकट मिळतंय तर घेऊ" म्हणून त्या चौकटीत खूण केली की तुमचा वर्ग हौसेचा राहिला नाही.

दुसरी मेख श्रमाच्या बदल्यात मिळणाऱ्या शिष्यवृत्तीची. फी माफ, त्याऐवजी रोज काही तास स्वयंपाकघरात किंवा आवारात काम. चांगली सोय आहे, पण अभ्यागत व्हिसावर काम करता येत नाही. असं पत्र घेऊन मुलाखतीला गेलात तर समोरचा अधिकारी फक्त "काम" हा शब्द वाचेल. कामाची अट नसलेली शिष्यवृत्ती आहे का, हे अर्ज करण्याआधी शाळेला विचारा. परदेशी अर्जदारांना ती अट लागू आहे का, हेही लेखी घ्या. माझ्या ओळखीतल्या एकाने हे विचारलं नाही. जागा मिळाली, शिष्यवृत्ती मिळाली, व्हिसा नाही. शाळेने कळवलं की अनामत परत मिळण्याची तारीख उलटून गेली आहे. नियमाने बरोबर होतं, तरी राग यायचा तो आलाच. तेव्हा अनामत भरण्याआधी दोन तारखा शेजारी शेजारी लिहा: पैसे परत मिळण्याची शेवटची, आणि व्हिसाच्या मुलाखतीची मिळू शकणारी पहिली. दुसरी नंतर येत असेल तर जागा पुढच्या सत्राला वळवता येईल का, हे आधीच विचारा.

शाळेकडून जे पत्र मागाल त्यात काय हवं ते तुम्हीच लिहून पाठवा: वर्गाच्या तारखा, रोजचे तास, क्रेडिट नाही, राहणं-जेवण आवारातच, खर्च कोण करणार. छोट्या शाळांच्या कार्यालयात दोन-तीन माणसं असतात आणि अशी पत्रं लिहायची त्यांना सवय नसते. सगळीकडे नाव पासपोर्टवर आहे तसंच, मधल्या नावासकट.

निवड झाल्यावर आरोग्याचा फॉर्म येतो. निवड आधीच झालेली असते, म्हणून त्यात काही लपवू नका. शाळा गावाबाहेर आहे, दवाखाना लांब असतो, औषधाचं दुकान हाकेच्या अंतरावर नसतं. दमा असेल, चामडं तासताना उडणाऱ्या धुळीचा किंवा रंगांचा त्रास होत असेल तर लिहा, म्हणजे खिडकीजवळची जागा मिळेल. पूर्ण मुक्कामाची औषधं चिठ्ठीसह न्या. पोचण्याची वेळ दिलेली असते ती पाळा. विमानतळावरून जाणारी शाळेची गाडी चुकली तर पुढचा प्रवास अंधारात, अनोळखी रस्त्याने आणि स्वतःच्या खिशातून.

राहता राहिली हत्यारं. शाळा यादी पाठवते आणि "स्वतःची आणलीत तर उत्तम" असंही म्हणते. सुऱ्या, टोच्या, कात्री सगळं चेक-इन करायच्या बॅगेत (हातातल्या नव्हे), बुचं लावून, कापडात गुंडाळून. कागद घडी करायची पट्टी हाडाची असेल तर ती प्राणिजन्य वस्तू आहे; सीमाशुल्काच्या फॉर्मवर ती लिहा, नाहीतर सरळ प्लास्टिकची न्या.