द एम्पायर स्ट्राइक्स बॅक

अमेरिकन स्पेस ऑपेरा चित्रपट. जॉर्ज लूकस यांच्या ‘स्टार वॉर्स’ (१९७७) चा उत्तरभाग. दिग्दर्शक अर्व्हिन कर्श्नर, निर्माते गॅरी कर्ट्झ. कथा लूकस यांची, तर पटकथेचे श्रेय ली ब्रॅकेट व लॉरेन्स कॅझ्डन यांना. प्रदर्शन मे १९८०. पडद्यावर तो ‘पाचवा भाग’ म्हणून येतो. १९७७ च्या चित्रपटावर मात्र क्रमांक नव्हता. ‘चौथा भाग’ ही ओळ त्याला १९८१ च्या पुनःप्रदर्शनात जोडली गेली. म्हणजे १९८० च्या प्रेक्षकाने क्रमांक नसलेल्या चित्रपटानंतर थेट ‘पाचवा भाग’ पाहिला. कथेतील पितृत्वाची कल्पना केव्हा सुचली, या पुढे येणाऱ्या वादात ही बाब विसरून चालत नाही.

‘स्पेस ऑपेरा’ या संज्ञेतील ऑपेराचा संगीतिकेशी संबंध नाही. अमेरिकन लेखक विल्सन टकर यांनी १९४१ मध्ये ती निंदाव्यंजक म्हणून, ‘सोप ऑपेरा’च्या धर्तीवर घडवली. घासून गुळगुळीत झालेल्या अंतराळ-साहसकथांना उद्देशून ती होती. पुढे तिला आदराचा अर्थ आला. याच कथाप्रकारात नाव कमावलेल्या ब्रॅकेट यांना (१९१५–७८) लूकस यांनी पटकथेसाठी निवडले, हे त्या दृष्टीने लक्षणीय आहे. ब्रॅकेट यांचे चित्रपटलेखन मात्र प्रामुख्याने गुन्हेगारीपट व वेस्टर्न या प्रकारांतील होते.

कथानक : बंडखोरांचा तळ असलेल्या होथ या हिमग्रहावर साम्राज्याचे सैन्य हल्ला करते. पांगापांगीनंतर तरुण बंडखोर नायक ल्यूक स्कायवॉकर डॅगोबा या दलदलीच्या ग्रहावर योडा या वृद्ध गुरूकडे शिकायला जातो. ल्यूकचे साथीदार हान सोलो, लेआ व त्यांचे सोबती पाठलाग चुकवत ढगांतल्या नगरीत पोहोचतात आणि तेथे दगाफटक्याने पकडले जातात. हानला गोठवून इनामी शिकाऱ्याच्या हवाली केले जाते. शिक्षण अर्धवट टाकून आलेला ल्यूक द्वंद्वात हात गमावतो आणि साम्राज्याचा सरदार डार्थ व्हेडर त्याला आपणच त्याचा बाप असल्याचे सांगतो. शेवट मोकळाच सोडला आहे. (हे प्रसिद्ध वाक्य ‘ल्यूक’ या संबोधनाने सुरू होते असा समज रूढ आहे, मुळात ते ‘नाही’ या शब्दाने सुरू होते.)

पितृत्वाची ही कल्पना केव्हा सुचली, हा या चित्रपटाच्या अभ्यासातील सर्वांत वादग्रस्त प्रश्न होय. कल्पना आरंभापासून मनात होती, असे लूकस यांनी नंतर अनेकदा सांगितले. या मताला दुजोरा म्हणून ‘व्हेडर’शी जुळणारा डच शब्द ‘वडील’ या अर्थाचा आहे, याकडे बोट दाखवले जाते. परंतु १९७४ च्या पहिल्या मसुद्यात हे नाव एका सेनानीचे आहे आणि नायकाशी त्याचे कोणतेही नाते नाही. याहून महत्त्वाचा पुरावा ब्रॅकेट यांच्या मसुद्याचा. नोव्हेंबर १९७७ अखेरच्या चर्चांवरून त्यांनी तो फेब्रुवारी १९७८ मध्ये पूर्ण केला. त्यात हिमग्रह, दलदलीतील गुरू, ढगांतील नगरी, द्वंद्व हे सारे आहे. पण ल्यूकचे वडील आत्मारूपाने स्वतंत्रपणे अवतरतात, व्हेडर आमिष दाखवणारा शत्रू तेवढा राहतो. १८ मार्च १९७८ रोजी ब्रॅकेट कर्करोगाने वारल्या. त्यानंतर लूकस यांनी स्वतः लिहिलेल्या मसुद्यात (बहुधा एप्रिल १९७८) दोन्ही व्यक्तिरेखा प्रथमच एक झालेल्या दिसतात. कल्पना आधीची असूनही लूकस यांनी ती ब्रॅकेट यांच्यापासून दडवली, असा बचाव केला जातो. तो अशक्य नाही. मात्र पटकथाकारापासूनच कथेचा कणा लपवण्याचे प्रयोजन काय, याचे समाधानकारक उत्तर त्यात मिळत नाही. मसुद्यांची साक्ष १९७८ च्या वसंताकडे अधिक झुकते. अखेरचे संवाद मुख्यत्वे कॅझ्डन यांचे. तरी ब्रॅकेट यांचे श्रेय लूकस यांनी कायम ठेवले.

चित्रीकरणातही गुप्तता कडक होती. सेटवर व्हेडरच्या वेशातील डेव्हिड प्राउज यांना वेगळेच वाक्य दिले होते. खरे वाक्य जेम्स अर्ल जोन्स यांच्या आवाजात नंतर भरले गेले. मार्क हॅमिल यांनाही ते चित्रणाच्या जरा आधीच कळले.

योडा हे नाव संस्कृत ‘योद्धा’वरून आल्याचे आपल्याकडे हौसेने सांगितले जाते. ध्वनिसाम्यापलीकडे त्याला आधार दिसत नाही. ब्रॅकेट यांच्या मसुद्यात या गुरूचे नाव मिंच आहे. बाहुलीची घडण स्टुअर्ट फ्रीबॉर्न यांची, संचालन व आवाज फ्रँक ऑझ यांचा.

लूकस यांनी खर्च स्वतःच्या नफ्यातून व बँककर्जातून उभा केला; सुमारे १.८ कोटी डॉलरचा अंदाज ३ कोटींच्या वर गेला, तेव्हा वितरक ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सची हमी घ्यावी लागली. चित्रीकरण ५ मार्च १९७९ रोजी नॉर्वेतील फिन्से येथे सुरू झाले. केवळ रेल्वेने पोहोचता येणाऱ्या या ठिकाणी हिमवादळ इतके होते, की काही दृश्ये हॉटेलच्या दारातच कॅमेरा लावून घेतली गेली. उर्वरित काम लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत झाले.

विशेष दृश्यांची खरी अडचण बर्फाची होती. काळ्या अवकाशात छायाप्रतिमा जोडल्याच्या कडा लपतात, पांढऱ्या पार्श्वभूमीवर त्या उघड्या पडतात. म्हणून साम्राज्याची चौपायी युद्धयंत्रे छोट्या प्रतिकृतींतून, बेकिंग सोड्याच्या ‘बर्फा’वर व रंगवलेल्या पडद्यांपुढे स्टॉप मोशनने एकेक चौकट हलवून चित्रित केली. या कामात फिल टिपेट प्रमुख होते. संगीत जॉन विल्यम्स यांचे; व्हेडरची कूचधून याच चित्रपटात प्रथम येते.

श्रेयनामावली शेवटी ठेवल्यावरून दिग्दर्शक संघटनेशी तंटा झाला; लूकस यांनी दंड भरून सदस्यत्व सोडले. २१ मे १९८० रोजी ७० मिमी प्रती मोजक्या चित्रगृहांत लागल्या, जूनमध्ये प्रदर्शन विस्तारले. ३५ मिमी प्रतीत अखेरच्या प्रसंगात काही अवकाशदृश्ये अधिक आहेत. सुरुवातीची समीक्षा संमिश्र होती, तरी उत्पन्नात तो त्या वर्षीचा अग्रगण्य चित्रपट ठरला. ध्वनीसाठी ऑस्कर आणि दृश्यपरिणामांसाठी विशेष ऑस्कर मिळाला. २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समावेश.

१९९७ व २००४ मध्ये लूकस यांनी फेरफार केले. २००४ च्या आवृत्तीत सम्राटाच्या भूमिकेत इअन मॅक्डिअर्मिड आले. ल्यूक हा अनाकिन स्कायवॉकरचा (हे व्हेडरचेच मूळ नाव) पुत्र असल्याचे सम्राट तेथे व्हेडरला सांगतो. १९८० च्या प्रतीत त्याच जागी फक्त ‘स्कायवॉकरचा मुलगा’ असा उल्लेख आहे. पितृत्वाच्या प्रश्नासाठी हा प्रसंग उद्धृत करताना आवृत्तीचे वर्ष नमूद करणे आवश्यक ठरते.