माणसं ‘अचानक’ गाव सोडत नाहीत

‘स्थलांतराचे लोंढे अचानक येतात, आधी कळायला काही मार्गच नसतो,’ हे वाक्य इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की ते खरंच वाटू लागतं. पण ते चूक आहे.

सोमालियाचं उदाहरण घ्या. 2017 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने तिथे ‘जेटसन’ हा प्रकल्प सुरू केला. हिंसाचार, पाऊस, नद्यांची पातळी आणि बाजारभाव पाहून पुढच्या महिन्यात कुठून किती लोक हलतील, याचा अंदाज बांधायचा. घर सोडलेल्यांशी बोलताना एक गोष्ट समजली: निघण्याआधी माणसं शेळ्या विकतात, कारण लांबच्या उन्हातल्या वाटेवर शेळी तग धरत नाही. सगळेच विकायला काढतात आणि भाव कोसळतो. दुष्काळाची चाहूल आपल्याकडेही गुरांच्या बाजारात लागतेच की!

हे अंदाज चुकतातही; अचानक भडकलेली लढाई आकड्यांत आधी दिसेलच असं नाही. मात्र दुष्काळातलं विस्थापन हळूहळू शिजतं. तिथे पाणी, धान्य, तंबू आधी पोहोचवता येतात आणि काहींना घर सोडावंच लागत नाही. म्हणून ‘कळलंच नाही’ ही सबब मला मान्य नाही.