‘बोल, मोकळा हो’ म्हणायची घाई कशाला? भीती डोक्यात कुठे बसते ते आधी बघू

22 जानेवारी 2025 ला पाचोऱ्याजवळ परधाडे स्टेशनच्या पुढेमागे काय झालं ते खान्देशात कोणाला नव्याने सांगायला नको. पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली, लोकांनी साखळी ओढून धडाधड खाली उड्या मारल्या आणि शेजारच्या लाइनीवरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. अशा प्रत्येक अपघातानंतर एक गोष्ट हमखास होते, वाचलेला माणूस अजून थरथरत असतो आणि समोर मोबाइल धरून कोणीतरी म्हणतं, "पहिल्यापासून सांगा, नेमकं काय झालं?"

मोबाइलवाल्यांचं सोडा, त्यांना व्ह्यूज पाहिजेत. पण चांगल्या मनाची माणसं पण हेच करतात. वॉर्डातली सिस्टर, शाळेतले सर, गावचे पोलीस पाटील, सगळ्यांना वाटतं की मनातलं एकदा भडाभडा बाहेर आलं की माणूस हलका होतो. "बोल भो, मोकळा व्हय." यात माया असते, पण विज्ञान फारसं नाही.

हा समज फक्त आपल्याकडचा नाही हां. अमेरिकेत जेफ्री मिचेल नावाच्या माणसाने 1983 मध्ये फायर ब्रिगेड आणि ॲम्ब्युलन्सवाल्यांसाठी एक पद्धत मांडली, घटनेनंतर थोड्याच दिवसांत सगळ्यांना गोल बसवायचं आणि प्रत्येकाने काय पाहिलं, काय वाटलं ते सविस्तर सांगायचं. याला डीब्रीफिंग म्हणतात. जगभर पसरलं, आणि पुढे साध्या पेशंटवर पण वापरायला लागले. मग ब्रिटनमध्ये भाजलेल्या पेशंटवर याची रीतसर चाचणी झाली, 1997 मध्ये ती छापून आली. 13 महिन्यांनी बघितलं तर डीब्रीफिंग मिळालेल्यांपैकी 26 टक्क्यांना पीटीएसडी (धक्क्यानंतर महिनोन्‌महिने टिकणारा मनाचा आजार) आणि ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्यात 9 टक्के! (डीब्रीफिंगच्या गटात जास्त भाजलेले पेशंट थोडे जास्त होते, म्हणून सगळा दोष सेशनला देता येत नाही, पण फायदा दिसला नाही हे नक्की.) 2002 मध्ये कॉक्रेनवाल्यांनी (वैद्यकीय चाचण्यांचे निकाल एकत्र करून तपासणारी संस्था) अशा सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या आणि स्पष्ट लिहिलं की पीडितांना सक्तीने डीब्रीफिंग करणं बंद करा.

आता असं का होत असेल? इथे माझा आवडता विषय येतो, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आपल्याला वाटतं आठवण म्हणजे एकच वस्तू. तसं नाही. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे, तो पंचनामा लिहिणारा कारकून समजा. कुठे, कधी, आधी काय, नंतर काय, कोण हजर होतं, सगळं क्रमाने. आणि त्याच्या अगदी पुढे चिकटून अमिग्डाला नावाचा छोटा भाग आहे, तो कागदावर काहीच लिहीत नाही. त्याला फक्त एवढंच कळतं की अमुक आवाज, अमुक वास आला की धोका, आणि तो थेट छातीचे ठोके वाढवतो, घाम फोडतो, स्नायू ताठ करतो.

जिनिव्हामध्ये एदुआर क्लापारेद नावाचे डॉक्टर होते, त्यांच्याकडे एक बाई होती जिला नवीन काही लक्षातच राहायचं नाही, रोज भेटणाऱ्या डॉक्टरला पण ती ओळखायची नाही. एकदा त्यांनी बोटांमध्ये टाचणी लपवून तिच्याशी हात मिळवला आणि तिला टोचली (आजची एथिक्स कमिटी त्यांना दारात उभं करणार नाही). थोड्या वेळाने ती टोचल्याचं विसरून गेली. मग त्यांनी परत हात पुढे केला तर बाईने झटकन हात मागे घेतला. का घेतला ते तिला धड सांगता येईना. हे 1911 साली छापलंय.

पण एका बाईवरून सिद्धांत होत नाही. खरा मस्त प्रयोग 1995 चा, आयोवा विद्यापीठातला. तीन माणसं घेतली. एकाचे दोन्ही बाजूचे अमिग्डाला खराब, दुसऱ्याचे हिप्पोकॅम्पस खराब, तिसऱ्याचं दोन्ही गेलेलं. त्यांना वेगवेगळ्या रंगांच्या स्लाइड दाखवायचे आणि एका ठरावीक रंगाला जहाजाचा कर्कश भोंगा वाजवायचा. तळहाताच्या त्वचेतून वीज किती सहज जाते ते मोजत होते, कारण घाबरलं की बारीक घाम येतो आणि त्वचेची वाहकता वाढते. गंमत बघा, अमिग्डाला नसलेल्याला कुठल्या रंगावर भोंगा वाजला ते बरोबर सांगता आलं, पण तो रंग दिसल्यावर हाताला घाम काही येईना. हिप्पोकॅम्पस नसलेल्याचं उलटं, रंग दिसला की घाम, पण विचारलं तर काही सांगता येईना. तिसऱ्याला ना घाम ना माहिती. म्हणजे शरीराचं घाबरणं आणि तोंडाने सांगता येणारी हकीकत, या दोन वेगळ्या वायरी आहेत. मला तर हा प्रयोग वाचून रात्री झोप आली नव्हती, आनंदाने!

आता हे भुसावळच्या यार्डाशेजारी राहणाऱ्या, गाडीखाली माणूस गेलेला पाहिलेल्या माणसावर लावून बघा. इंजिनाचा हॉर्न वाजला की "माले काही याद येत नही, पन हातपाय कापतस" असं तो म्हणाला तर तो नाटक करत नाहीये. प्रचंड घाबरल्यावर अंगात सुटणाऱ्या नॉरॲड्रिनलिनसारख्या ताणाच्या रसायनांमुळे अमिग्डालाची नोंद पक्की होते आणि हिप्पोकॅम्पसचं काम विस्कटू शकतं, म्हणून साडीचा रंग लख्ख आठवतो आणि गाडी आधी आली की किंकाळी आधी ऐकू आली याचा क्रम मात्र लागत नाही. जबाब घेणाऱ्या हवालदारसाहेबांनी एवढं जरी लक्षात ठेवलं ना, की क्रम चुकला म्हणजे खोटं बोलतोय असं नाही, तरी पुष्कळ झालं.

आणि भीती जाते कशी? पुसली जात नाही, हीच तर गोम आहे. पावलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने कुत्र्यांना घंटा वाजवून खायला द्यायची सवय लावली, मग नुसत्या घंटेवर पण त्यांची लाळ सुटायची. तिथेच कळलं होतं की घंटेनंतर खायला देणं बंद केलं की लाळ हळूहळू थांबते, पण मध्ये खंड पडला की परत सुटते. भीतीचं पण तसंच, जुनी नोंद तशीच राहते, तिच्यावर नवी नोंद चढते की हॉर्न वाजला आणि काही झालं नाही, आणि ती जुनीला दाबून ठेवण्यात कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग मदत करतो. या नव्या नोंदीचा स्वभाव असा की ती जागेला चिकटलेली असते. जळगावच्या क्लिनिकमध्ये बसून बरं वाटलं म्हणजे प्लॅटफॉर्मवर बरं वाटेलच असं नाही. म्हणून तयार थेरपिस्ट हळूहळू खऱ्या ठिकाणी जायला लावतात, सुरक्षित वाटत असताना, थोडं थोडं करून, पुन्हा पुन्हा. आता बघा, दुसऱ्याच दिवशी, अंग अजून तापलेलं असताना, एकाच बैठकीत सगळं उगाळून घ्यायचं आणि घरी पाठवायचं, यात नवी नोंद बनायला वेळच कुठे मिळतो? जुनीच आणखी पक्की होत असेल, हे मला तरी पटतं.

मग पहिल्या दिवशी करायचं काय? जागतिक आरोग्य संघटनेची 2011 ची सायकॉलॉजिकल फर्स्ट एडची पुस्तिका आहे, नेटवर फुकट मिळते, आणि ती फक्त डॉक्टरांसाठी नाही, आशाताई, शिक्षक, स्वयंसेवक अशांसाठी पण आहे. तिचं सार तीन शब्दांत: बघा, ऐका, जोडा. धोका आहे का, कोणाला तातडीची गरज आहे ते बघा. तो बोलला तर ऐका, नाही बोलला तर खोदू नका. पाणी, चादर, घरच्यांचा फोन, दवाखाना, सरकारी मदत यांच्याशी जोडून द्या. रावेरकडे वादळात केळीचा बाग आडवा झालेल्या शेतकऱ्याला पण पहिले पंचनाम्याची खरी माहिती द्या, भावना नंतर. अजून एक, पहिल्या महिन्यात धक्क्याच्या त्रासासाठी अल्प्राझोलामसारख्या मन शांत करणाऱ्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या देऊ नका असं संघटनेच्या 2013 च्या मार्गदर्शनात आहे, आपल्याकडे त्या पेपरमिंटसारख्या वाटल्या जातात. बहुतेक लोक घरच्यांच्या आधाराने आपोआप सावरतात. महिना उलटून पण झोप उडालेली, तीच दृश्यं, ती जागा टाळणं असं चालू असेल तर सिव्हिलच्या मानसोपचार विभागात पाठवा. तिथे धक्क्यासाठीची सीबीटी (विचार आणि वागणं हळूहळू बदलायला शिकवणारी थेरपी) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत ती आठवण हाताळायची थेरपी) लागू शकते.

भगताकडे नेऊन उतारा टाकणारे आहेतच. "झपाटलं" म्हणून पोराला धूर देतात, आधीच घाबरलेल्या पोराला आणखी घाबरवतात. पण इन्स्टावरचे "एका सेशनमध्ये कंबरेतला ट्रॉमा रिलीज" वाले पण त्याच माळेचे मणी, फक्त लिंबाऐवजी रिंग लाइट आहे आणि दक्षिणा यूपीआयने घेतात.

राहिली मदत करणारी माणसं. 108 चा ड्रायव्हर, पोस्टमॉर्टेमचा कर्मचारी, गँगमन, यांची अमिग्डाला काही लोखंडाची नसते. त्यांना सक्तीची मीटिंग नको, सलग ड्युटी मोडून द्या, एक जोडीदार द्या, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर द्या. 10 ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, फुकट आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं. कॉल त्यांनी स्वतः, त्यांना वाटेल तेव्हा करायचा. साहेबांनी रजिस्टरला सह्या घेऊन करायला लावायचा नाही.