सूत नावाचं जनुक: चिलटाच्या भ्रूणातल्या पेशी जगतात कशा, मरतात कशा

डाळिंबाच्या हंगामात सोलापूरच्या मार्केट यार्डात तडकलेल्या फळांभोवती जी चिलटं घोंघावतात, त्यांचं शास्त्रीय नाव ड्रोसोफिला. पुस्तकं त्यांना फळमाशी म्हणतात, पण आपला शेतकरी बागेत सापळे टांगतो ती फळमाशी वेगळी. ती धडधाकट फळात अंडी घालते. चिलटांना आंबलेलं, नासलेलं फळ लागतं.

यंदा डिसेंबरात आमच्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी या चिलटांचे भ्रूण ॲक्रिडिन ऑरेंज नावाच्या रंगात बुडवून मायक्रोस्कोपखाली पाहिले. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या त्या भ्रूणात जागोजागी ठिपके चमकत होते, आणि प्रत्येक ठिपका म्हणजे मरत असलेली पेशी. एका मुलीनं विचारलं, "सर, मरायचंच होतं तर या पेशी तयार कशाला झाल्या?" त्या प्रश्नासाठी ही पार्श्वभूमी लिहितो आहे.

वाढत्या जिवात पेशी मरतात, हे कार्ल फोग्ट यांनी १८४२ मध्येच भेकाच्या विकासात नोंदवलं होतं. पण पुढची शंभर-सव्वाशे वर्षं मृत्यू म्हणजे बिघाड, झीज, अपघात असंच बहुतेकांना वाटत राहिलं. विचार बदलला तो रेशमाच्या पतंगामुळे. कोषातून बाहेर पडल्यावर पतंगाच्या पोटातले काही स्नायू थोड्याच काळात नाहीसे होतात. रिचर्ड लॉकशिन आणि कॅरोल विल्यम्स यांनी १९६४-६५ च्या सुमारास हे स्नायू अभ्यासले आणि 'नियोजित पेशीमृत्यू' ही कल्पना मांडली. १९७२ मध्ये केर, वायली आणि करी यांनी अशा मरणाचं रूप नेमकं वर्णन केलं: पेशी फुटत नाही, आक्रसते, तिचे तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. त्याला त्यांनी ॲपॉप्टॉसिस हा ग्रीक शब्द दिला. अर्थ पाने किंवा पाकळ्या गळणं. मराठीत आपल्याकडे 'पानगळ' हा शब्द तयारच आहे, आणि मला तो मूळ शब्दाइतकाच नेमका वाटतो.

मरण जनुकांत लिहिलेलं असतं, याचा पुरावा एका सूक्ष्म कृमीनं दिला. त्याच्या विकासात तयार होणाऱ्या १०९० कायिक (म्हणजे प्रजननपेशी सोडून शरीराच्या) पेशींपैकी १३१ मरतात, दर वेळी त्याच. या कामासाठी ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चं नोबेल मिळालं.

चिलटाचं तसं नाही, आणि म्हणूनच ते मला जास्त मोलाचं वाटतं. २५ अंश तापमानाला त्याच्या अंड्यातून साधारण एका दिवसात अळी बाहेर येते. १९९३ मध्ये जॉन एब्रम्स, क्रिस्टिन व्हाइट, हर्मन स्टेलर आणि सहकाऱ्यांनी या एका दिवसातल्या मरणाचा आराखडा काढला, याच ॲक्रिडिन ऑरेंजच्या मदतीनं. सुमारे सातव्या तासाला मरण सुरू होतं आणि मग भ्रूणभर पसरतं. पण नेमकी कोणती पेशी जाणार, हे बऱ्याच ठिकाणी आधी सांगता येत नाही. ते आसपासच्या परिस्थितीवर ठरतं.

पुढच्याच वर्षी याच गटानं गुणसूत्रांचे वेगवेगळे तुकडे गमावलेले भ्रूण एकेक करून तपासले. एच-९९ नावाचा तुकडा गमावलेल्या भ्रूणात एकही ठिपका चमकेना. तिथे पानगळच नव्हती. अशा भ्रूणांत जास्तीच्या पेशी साचतात आणि अंड्यातून अळी बाहेर येत नाही. त्या तुकड्यात आधी रीपर हे जनुक सापडलं, मग हिड, मग ग्रिम. रीपरचं प्रथिन अवघ्या ६५ अमिनो आम्लांचं.

इथे प्रश्न उलटा झाला. ही तिघं मारतात कशी, याचा माग काढताना हाती लागलं पेशीला जिवंत ठेवणारं प्रथिन, डायप-१. त्याच्या जनुकाचं नाव 'थ्रेड', म्हणजे सूत. त्यात बिघाड झाला की माशीच्या स्पर्शिकेवरच्या केसाला फुटणाऱ्या फांद्या येत नाहीत आणि तो नुसत्या धाग्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. चादरींच्या गावात हे नाव सांगताना मला दर वेळी आनंद होतो. कॅस्पेज नावाची कातरणारी प्रथिनं जवळपास प्रत्येक पेशीत आधीपासूनच असतात. डायप-१ त्यांना धरून ठेवतं. रीपर, हिड, ग्रिम येऊन डायप-१ ला चिकटतात, पकड सुटते आणि कात्र्या चालू लागतात. भ्रूणातून सूतच काढून टाकलं, तर पहिल्या काही तासांतच जवळजवळ सगळ्या पेशी मरतात. एच-९९ चा तुकडा सोबत काढून टाकला तरी त्या वाचत नाहीत.

म्हणजे त्या मुलीचा प्रश्न असा विचारायला हवा: पेशी जगते कशाच्या जोरावर? उत्तराचा एक भाग भ्रूणाच्या मध्यरेषेवर आहे. तिथल्या ग्लिया, म्हणजे चेतातंतूंना आधार देणाऱ्या पेशी, शरीराच्या प्रत्येक खंडात सुरुवातीला दहाच्या आसपास असतात आणि शेवटी तीनेक उरतात. त्यांच्यात हिड तयार असतं. शेजारच्या चेतातंतूंकडून स्पिट्झ या प्रथिनाचा निरोप आला, की पेशीच्या आत निरोप पुढे नेणारी रास-मॅपके ही प्रथिनांची साखळी जागी होते आणि हिडवर फॉस्फेट बसवून त्याला निकामी करते. ज्यांना निरोप पोचतो त्या उरतात. गरजेपेक्षा जास्त पेशी तयार करायच्या आणि शेजारणींना लागतील तेवढ्याच राखायच्या, अशी ही रीत. तंतू आणि ग्लिया यांचा मेळ त्यातूनच बसतो.

माणसातही डायप-१ ची भावंडं आहेत. २००० साली सापडलेलं स्मॅक हे आपलं प्रथिन त्यांना ज्या टोकानं चिकटतं, ते टोक रीपर-हिडच्या टोकाशी मिळतंजुळतं आहे. त्या टोकाची नक्कल करणारी औषधं कर्करोगासाठी तपासली जात आहेत.

आमच्या मुलांना आता मध्यरेषेवरच्या या ग्लिया मोजायच्या आहेत. त्यासाठी नेमक्या वयाचे भ्रूण हवेत, आणि तासांचा हिशेब लागतो तो २५ अंशांवर. तापमान तिशीपलीकडे गेलं की नर वांझ होऊ लागतात. सोलापुरात मार्चपासूनच ऊन तापतं. वाळूत ठेवलेल्या माठाशेजारी चिलटांच्या बाटल्या ठेवून आम्ही मागच्या वर्षी दोन आठवडे काढले होते.