डॉसच्या प्रोग्रामला जुनाच प्रिंटर लागतो का?

वर्षानुवर्षे फिरणारा समज असा: डॉसमधला (विंडोजच्या आधीच्या जुन्या संगणक प्रणालीतला) प्रोग्राम फक्त पॅरलल पोर्टला, म्हणजे प्रिंटरच्या जुन्या रुंद जोडणीला, लावलेल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवरच छापतो, यूएसबी प्रिंटरवर कधीच नाही.

समज अगदीच निराधार नाही. डॉस प्रोग्रामला विंडोजचा ड्रायव्हर ठाऊक नसतो; तो अक्षरे सरळ एलपीटी1 या नावाकडे, म्हणजे पहिल्या पॅरलल पोर्टकडे, पाठवतो. पण त्या नावामागे खरे पोर्ट असलेच पाहिजे असे नाही. 32-बिट विंडोजमध्ये यूएसबी प्रिंटर शेअर करा आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये ही आज्ञा (अर्थातच इंग्रजी अक्षरांत) द्या: नेट यूज एलपीटी1: \\संगणकाचे-नाव\शेअरचे-नाव.

आता त्याच खिडकीत ‘डिर > एलपीटी1’ करून पाहा. यादी छापली गेली, तर रस्ता मोकळा आहे. नुसताच दिवा लुकलुकला, तर बहुधा प्रिंटर पान पूर्ण होण्याची वाट पाहतोय. त्याला पान बाहेर टाकण्याचा संकेत, म्हणजे आस्की या अक्षर-संकेतांच्या तक्त्यातला क्रमांक 12, हवा असतो. प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये तो ‘फॉर्म फीड’ नावाने सापडतो.

कचरा अक्षरे आली किंवा काहीच आले नाही, तर मात्र प्रिंटरची माहितीपत्रिका उघडा. पीसीएल किंवा ईएससी/पी ही प्रिंटरला आज्ञा देण्याची भाषा लिहिलेली नसेल, तर तो साधा मजकूर बहुधा समजत नाही. स्वस्त लेझर प्रिंटर इथेच अडतात, आणि समजाला बळ मिळते ते त्यांच्यामुळेच.

64-बिट विंडोजवर डॉस प्रोग्राम मुळात चालतच नाही. तिथे डॉसची नक्कल करणारा डॉसबॉक्स-एक्स हा प्रोग्राम वापरावा; त्यात प्रिंटरची नक्कल करण्याची सोय आहे.