थांब्याभोवतीचं वर्तुळ आणि येळ्ळूरचं शिवार

बेळगावच्या येळ्ळूर रस्त्याला भाताच्या खाचरात पांढरे रंगवलेले दगड रोवलेले दिसले, की समजायचं या रानातलं हे शेवटचं भात. पुढच्या वर्षी तिथे मुरूम पडतो, तीस बाय चाळीस फुटांच्या साईटी, म्हणजे घरांचे प्लॉट, आखल्या जातात आणि लेआऊटचा फलक लागतो. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर या पट्ट्यातल्या बेळगाव बासमतीचा वास माझ्या पिढीला अजून आठवतो. हे शिवार राहावं असं मला मनापासून वाटतं. पण शहराने वाढूच नये, असं म्हणून ते राहणार नाही. माणसं येणार आणि त्यांना घरं लागणारच. ती घरं कुठे आणि किती दाटीने बांधायची, हे ठरवण्याचं एक शास्त्र आहे आणि त्याची सुरुवात बसच्या थांब्यापासून होते.

आधी एका एकराचा हिशेब करू. एकरात ४३,५६० चौरस फूट. रस्ते, बाग, मोकळी जागा सोडली की साधारण २४,००० उरतात, म्हणजे तीस बाय चाळीसच्या २० साईटी. आता आपल्याकडच्या एखाद्या नव्या लेआऊटमध्ये चक्कर मारा. धरा, वीसपैकी पाच साईटींवर घर आहे आणि बाकीच्यांवर गाजरगवत, कारण त्या भाव वाढेल म्हणून घेऊन ठेवल्यात. घरटी चार माणसं धरली तर एकरात २० माणसं. तेच वीसही साईटींवर वर-खाली दोन कुटुंबं राहायला लागली तर १६०. आठपट माणसं, आणि इमारत फक्त दोन मजली! 'दाट वस्ती' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वीस मजली मनोरा येतो. मला ते चुकीचं वाटतं. गणपत गल्ली, रामदेव गल्लीतली जुनी घरं बघा. भिंतीला भिंत, खाली दुकान, वर घर, मागे चौक. दाटपणा आपल्याला नवा नाही, तो फक्त नव्या लेआऊटमध्ये हरवला.

आता हाच हिशेब थांब्याभोवती मांडू. थांब्यापर्यंत माणूस खुशीने किती चालतो? शहर-नियोजनात पाच मिनिटांचे ४०० मीटर आणि दहा मिनिटांचे ८०० मीटर हे ठोकताळे वापरतात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या वाहतूक-केंद्रित विकासाच्या राष्ट्रीय धोरणातही स्थानकाभोवतीचा ५०० ते ८०० मीटरचा परिसर धरलेला आहे. पाचशे मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे सुमारे १९४ एकर. एकरी २० माणसांनी तिथे चार हजारही माणसं भरत नाहीत. एकरी १६० धरली तर ३१,०००. तेवढीच माणसं विरळ वसवायची झाली तर साडेपंधराशे एकर लागतील. म्हणजे एका थांब्याभोवती नीट दाट वसाहत झाली, तर साडेतेराशे एकर रान मोकळं राहू शकतं. मी प्रत्यक्षापेक्षा सोपा हिशेब मांडलाय, त्या वर्तुळात शाळा, दवाखाने, दुकानंही येणार. तरी आकड्यांची दिशा बदलत नाही.

अशा थांब्यांना जोडणारी जलद मार्गिका, म्हणजे फक्त बससाठी राखलेला रस्ता, कशी चालते हे बघायला आपल्याला लांब जावं लागत नाही. हुबळी-धारवाडमध्ये सुमारे २२ किलोमीटरच्या रस्त्यावर 'चिगरी' बस धावते. चिगरी म्हणजे कन्नडमध्ये हरीण. तिचं औपचारिक उद्घाटन २०२० च्या फेब्रुवारीत झालं. बसला रस्त्याच्या मधोमध स्वतःची मार्गिका, फलाट बसच्या दाराच्या उंचीला, तिकीट आत शिरण्याआधीच. धारवाडला पहिल्यांदा चढले तेव्हा जाणवलं, की वेग इंजिनात कमी आणि दारात जास्त आहे. पायऱ्या नाहीत, कंडक्टरसाठी खोळंबा नाही, काही सेकंदांत दहा-बारा माणसं चढून बस हलते. बेळगावात अशी मार्गिका आज नाही. पण सुवर्ण विधानसौधापासून मध्यवर्ती बसस्थानकावरून उद्यमबागपर्यंत ती एक दिवस झालीच, तर काय काय आधी ठरवलेलं असावं, हे आत्ताच बोलायला हवं. मार्गिका झाल्यावर जागेचे भाव चढतात आणि मग कुणी ऐकून घेत नाही.

दाट वस्तीचा आणि बसचा संबंध हर्बर्ट मोरिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये नेमका मांडला. बस अर्ध्या तासाने असेल तर सरासरी पंधरा मिनिटं ताटकळावं लागतं, दहा मिनिटांनी असेल तर पाच. प्रवासी वाढले की बस वाढवता येतात, बस वाढल्या की प्रत्येकाचं थांबणं कमी होतं आणि त्यामुळे आणखी प्रवासी येतात. मोटारींच्या रस्त्यावर याच्या उलट घडतं, प्रत्येक नवी गाडी बाकीच्यांना उशीर करते. विरळ लेआऊटमध्ये हे चक्र सुरूच होत नाही. बस तासाने येते, म्हणून लोक स्कूटर घेतात, म्हणून बस रिकामी धावते, म्हणून ती बंद होते.

ब्राझीलच्या कुरितिबा शहराने १९७४ पासून जलद बसच्या रस्त्यांलगतच उंच बांधकामाला मुभा दिली आणि जसजसं लांब जाल तसतशी उंची कमी ठेवली. तिथे घरांचा आणि बसचा नकाशा एकाच टेबलावर तयार झाला. आपल्याकडे एफएआर, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येईल ते, एक खातं ठरवतं आणि बस दुसरं चालवतं. माझ्या मते सगळ्यात आधी हे बदलायला हवं.

अर्थात कागदावरचं वर्तुळ जमिनीवर वर्तुळ राहत नाही. टिळकवाडीत रेल्वेरूळ आडवे येतात. कॅम्पात लष्करी हद्द आहे, तिथे कुणी घरं बांधणार नाही. नव्या वसाहतींना कंपाउंड आणि एकच फाटक. थांबा समोर दिसतो, सरळ रेषेत तीनशे मीटर, पण पायी वळसा नऊशेचा. एक बोळ, एक पादचारी पूल किंवा भिंतीतलं एक दार एवढ्यानेही शेकडो घरं थांब्याच्या टप्प्यात येतात, आणि त्याचा खर्च रस्तारुंदीपेक्षा फार कमी असतो.

पाण्याचं तर बोलूच. शहराला पाणी देणाऱ्या राकसकोप जलाशयाचं पाणी आणि गटाराची क्षमता वाढवल्याशिवाय माणसं दाटीने वसवली, तर सांडपाणी शेवटी बळ्ळारी नाल्यात आणि तिथून पुन्हा त्याच शिवारात जाईल. आणि भाडेकरूंचं काय? वडगावात खालच्या खोलीत माग आणि वर बिऱ्हाड अशी कितीतरी घरं आहेत. थांबा जवळ आला की भाडं वाढणार आणि ज्यांना बसची खरी गरज आहे तेच लांबच्या लेआऊटकडे ढकलले जाणार. म्हणून वाढीव एफएआर देतानाच कमी भाड्याची घरं आणि मागाची जागा राखायला हवी.

गेल्या पावसाळ्याआधी मी आईला घेऊन घरापासून मोठ्या रस्त्याच्या थांब्यापर्यंत घड्याळ लावून चालले. अंतर ८०० मीटर. मला एकटीला नऊ मिनिटं लागतात. आईला एकवीस लागली. गटारावरच्या दोन फरश्या गायब होत्या, तिथे ती रस्त्यावर उतरली. सावली अशी एकाच आंब्याची. "थांब की गं जरा," म्हणून ती दोनदा थांबली, आणि टेकायला कट्टा नव्हता म्हणून एका दुकानाच्या पायरीवर बसली. नंतर मी विचारलं, रोज किती चालशील? तिने बोट दाखवलं ते पिठाच्या गिरणीपर्यंत, म्हणजे तीनशे मीटर. त्या त्रिज्येचं वर्तुळ ७० एकरांचं, माझं ८०० मीटरचं जवळजवळ ५०० एकरांचं. फरश्या बसवल्या, चार झाडं आणि दोन कट्टे झाले तर आपण त्या आंब्यापर्यंतही येऊ, असं ती म्हणाली. तो आंबा घरापासून साडेपाचशे मीटरवर आहे.